प्रेक्षकाचा अंगठा

‘स्पार्टाकस’ नावाची एक दूरचित्रमालिका अमेरिकेतील स्टार्झ या वाहिनीने २०१० च्या जानेवारीत सुरू केली आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये संपविली. न्यूझीलंडमध्ये चित्रित झालेल्या या मालिकेचे, मधल्या पूर्वकथेचे सहा भाग धरून, एकूण ३९ भाग झाले. इ. स. पू. ७३ मध्ये कापुआ नगरीतील बाटियाटस नामक मालकाच्या आखाड्यातून सत्तरेक ग्लॅडिएटर, म्हणजे लोकांच्या करमणुकीसाठी एकमेकांशी झुंजविले जाणारे गुलाम, मुदपाकखान्यातील सुऱ्या आणि सळया हाती घेऊन निसटले. पाहता पाहता त्यांच्याभोवती हजारोंची फौज जमली आणि दोन वर्षे त्यांनी रोमच्या सैन्याला सळो की पळो करून सोडले, ही ती कथा. आमच्या पिढीस ती इतिहासाच्या पुस्तकात फार तर एखाद्या परिच्छेदात भेटली होती. आता ती घरोघर, इतकेच नव्हे तर हातातल्या दूरध्वनीवरही, रक्ताच्या कारंज्यांसह पाहावयास मिळते. मालिका संपून इतकी वर्षे लोटली तरी तिचे चाहते तिच्याविषयी ज्या तन्मयतेने बोलतात ती पाहून, मालिकेपेक्षा तिच्या प्रेक्षकाविषयीच चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटू लागले.

या चाहत्यांच्या बोलण्यात एक गोष्ट वारंवार येते. नव्या माणसास मालिका पाहण्याचा आग्रह करताना ते बजावून सांगतात की, पहिले चार भाग कसेबसे सोसा, पुढे ती तुम्हांस सोडणार नाही. या सल्ल्यात तथ्य आहे. आरंभीच्या भागांत ‘३००’ या २००७ च्या चित्रपटाची नक्कल उघड दिसते. तलवार संथ गतीने फिरते, शिर धडावेगळे होते, आणि संगणकाने रंगविलेले रक्त पडद्यावर फुलासारखे उमलते. समीक्षकांनी त्या वेळी नाके मुरडली ती याचसाठी. पुढे पात्रे आकारास येतात, संवादांना एक घोटीव डौल येतो, मालकाच्या घरातील कारस्थाने रंगू लागतात, आणि नाके मुरडणाऱ्यांपैकीही अनेकांनी आपले मत बदलले. परंतु आमची शंका निराळी आहे. रक्त पुढील भागांतही कमी होत नाही, किंबहुना वाढतेच. मग त्या चार भागांनंतर बदलते ते काय? मालिका बदलते, की पाहणाऱ्याचा डोळा?

प्रश्न थोडा टोचणारा आहे, कारण ज्याची ही गोष्ट आहे त्याचे बंडच मुळी डोळ्यांविरुद्ध होते. गुलामगिरी तर रोमन साम्राज्यात सर्वत्र होती. खाणीत आणि शेतावर माणसे मरतच होती. ग्लॅडिएटराचे वेगळेपण हे की, त्याचे मरण इतरांनी पाहावे यासाठीच त्याला पोसले जाई. अशा माणसाने ‘आता पुरे’ म्हटले, त्याची कथा आपण पाहतो, आणि पाहताना नेमके तेच मागतो जे कापुआच्या कठड्यावर बसलेले लोक मागत असत.

यावर ताबडतोब येणारे उत्तर वाचकांच्याही ओठांवर आले असेल : हे सारे लटके आहे. रक्त रंगाचे, शिर मेणाचे, मेलेला नट संध्याकाळी घरी जाऊन जेवतो. हे उत्तर आम्ही हलके मानत नाही. व्यवसायामुळे तर ते आम्हांस विशेष पटते. रोमन कायद्याचे अध्ययन करणाऱ्यांस गायस या विधिज्ञाचे नाव परिचित असते. दुसऱ्या शतकातील त्याच्या ग्रंथात करारांचे प्रकार समजावून सांगताना एक उदाहरण येते. एक मालक दुसऱ्यास ग्लॅडिएटर पुरवितो. अट अशी की, जो धडधाकट परत येईल त्याच्या घामापोटी प्रत्येकी २० दिनार द्यावयाचे; जो मरेल वा निकामी होईल त्याच्यापोटी प्रत्येकी १००० दिनार. आता हा करार भाड्याचा की विक्रीचा? गायस सांगतो की, परत आलेल्यांपुरता तो भाड्याचा, मेलेल्यांपुरता विक्रीचा. आणि कोणता माणूस कोणत्या सदरात पडला हे लढत झाल्यावर ठरते. कायद्याच्या वाङ्मयात इतका थंड परिच्छेद आमच्या वाचनात दुसरा नाही. माणूस सकाळी भाड्याने दिला होता की विकला होता हे सायंकाळी रिंगणातील वाळू पाहून समजावयाचे!

या मोजपट्टीने पाहता आजचा प्रेक्षक निर्दोष ठरतो यात संशय नाही. त्याने भाडे दिले ते घामाचे. विक्री कोणाचीच झाली नाही. नटाने स्वखुशीने करार केला, मोबदला घेतला, आणि त्याच्या दुखापतीची जबाबदारी कोणावर हेही त्या करारात लिहिलेले असणार. खटला इथेच निकाली निघावा.

परंतु रिंगणाविरुद्ध प्राचीनांनी जी तक्रार केली ती मुख्यतः लढणाऱ्याच्या वतीने केलेली नव्हती, ही गोष्ट आपण विसरतो. सेनेका हा तत्त्वज्ञ आपल्या मित्रास लिहिलेल्या एका पत्रात दुपारच्या खेळांची हकीकत सांगतो. सकाळी माणसे जनावरांपुढे टाकली जात, दुपारी ढाल-चिलखताशिवाय माणसांपुढेच. त्याचे दुःख असे की, तेथून परतताना तो स्वतः अधिक क्रूर, अधिक अमानुष होऊन परतला, आणि तेही माणसांच्या संगतीत राहून. सेंट ऑगस्टिनने आपल्या आत्मचरित्रात अलिपियस नावाच्या मित्राची गोष्ट सांगितली आहे. हा अलिपियस कायदा शिकण्यासाठी रोमला आलेला विद्यार्थी (आमच्या व्यवसायबंधूंनी नोंद घ्यावी). खेळांविषयी त्याला तिटकारा होता. मित्रांनी ओढून नेले तेव्हा शरीर तेथे न्याल, मन नेऊ शकणार नाही, असे बजावून तो डोळे मिटून बसला. मध्येच समुदायातून प्रचंड गर्जना उठली. कुतूहलाने त्याने डोळे उघडले. आणि त्या क्षणापासून तो नुसता पाहू लागला नाही, पिऊ लागला. पुढे इतरांना ओढून नेणारा तोच झाला. ‘पहिले चार भाग सोसा’ म्हणणाऱ्या चाहत्यास आम्ही अलिपियस ठरवू इच्छित नाही. तथापि तक्रार जर पाहणाऱ्याच्या मनाविषयी असेल, तर रक्त रंगाचे होते एवढ्याने तिचा निकाल लागत नाही, हे मान्य करावे लागते. रंग पडद्यावर असतो. पाहणारा डोळा खराच असतो.

चाहते याला एक चांगले प्रत्युत्तर देतात. ते म्हणतात, आम्ही रक्तासाठी पाहत नाही, माणसांसाठी पाहतो. हे खोटे नाही. पहिल्या पर्वात स्पार्टाकसची भूमिका करणारा अँडी व्हिटफील्ड कर्करोगाने आजारी पडला. तो बरा होईल या आशेने निर्मात्यांनी मधल्या काळात पूर्वकथा काढली. तो बरा झाला नाही आणि ११ सप्टेंबर २०११ रोजी वारला. त्या वेळी जगभरच्या प्रेक्षकांनी केलेला शोक मनापासूनचा होता, आणि त्याच्या आजारपणावरील चित्रपटासाठी सामान्य लोकांनी वर्गणी दिली. पुढील पर्वांत लियम मॅकिन्टायरने ती भूमिका केली, तरी पहिल्या नटाची आठवण चाहत्यांच्या बोलण्यात आजही निघते. कोठल्याही रिंगणाभोवतीच्या गर्दीने मेलेल्यासाठी वर्गणी काढल्याचे ऐकिवात नाही.

तरीसुद्धा प्रेम हा बचाव पुरेसा नाही, असे आम्हांस वाटते. रोमन प्रेक्षकही आपल्या ग्लॅडिएटरांवर प्रेम करीत असे. पाँपेईच्या एका भिंतीवर सेलाडस नावाच्या योद्ध्याविषयी, तरुणी त्याच्यासाठी उसासे टाकतात, अशा अर्थाचा मजकूर खरडलेला सापडला आहे. (तो ग्लॅडिएटरांच्याच राहत्या जागेत सापडला, तेव्हा सेलाडसने तो स्वतः खरडला असण्याचा संभव नाकारता येत नाही.) त्यांची नावे, त्यांच्या जिंकलेल्या लढती, त्यांची शस्त्रे लोकांना तोंडपाठ असत. आणि इतके दूर तरी कशाला जावे? गोव्यातील वाचकांस धिर्यो ठाऊक आहेत. उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्यांवर बंदी घातली, तरी बैलांच्या झुंजी पुरत्या थांबल्या असे कोणी म्हणणार नाही. झुंजीचा पाडा ज्याने पोटच्या पोरासारखा वाढविला, नाव देऊन, उत्तम खाऊ घालून, अंग चोळून सांभाळला, तोच त्याला शेतात दुसऱ्या शिंगांसमोर उभा करतो. त्याच्या प्रेमाविषयी शंका घेणारा माणूस त्या गावात राहिलेला नसावा. प्रेम आणि झुंज एकाच दावणीला सुखाने नांदू शकतात.

आता या मालिकेतील ज्या प्रसंगाने हा सगळा प्रश्न आमच्या मनात उभा केला त्याकडे वळतो. पहिल्या पर्वात नगराधिकाऱ्याच्या न्यूमेरियस नामक पोरसवदा मुलाच्या वयात येण्याचा सोहळा बाटियाटसच्या घरी होतो. करमणुकीसाठी स्पार्टाकस आणि त्याचा जिवलग मित्र व्हॅरो यांची लुटुपुटीची लढत ठेवलेली असते. एका सरदारपत्नीच्या चिथावणीने तो पोरगा ऐन वेळी अंगठा खाली करतो, आणि स्पार्टाकसला भर मेजवानीत आपल्या मित्रास ठार करावे लागते. (अंगठा खाली म्हणजे मरण, ही समजूत सर्वत्र पसरविण्यात जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ च्या एका चित्राचा मोठा वाटा आहे.) हा प्रसंग पाहून ज्याच्या पोटात कालवले नाही असा चाहता आम्हांस भेटला नाही. त्या मुलाचा सर्वांस मनस्वी संताप येतो. पर्वाच्या शेवटी गुलाम उठाव करतात, घरातील पाहुण्यांची सरसकट कत्तल होते, आणि व्हॅरोची विधवा त्या मुलास सुरीने भोसकते. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. चाहत्यांच्या मते संपूर्ण मालिकेतील हा सर्वांत समाधान देणारा भाग. आमच्या परिचयातील एका अतिशय सौम्य गृहस्थाने तो उठून उभे राहून पाहिला, असे ते स्वतःच सांगतात.

त्या मुलाचा अपराध काय होता? समोर दोन माणसे लढत होती, त्यांच्यापैकी एकाने मरावे असे त्याला वाटले, आणि त्याने तसे दर्शविले. त्याचा अंगठा आपल्याला असह्य होतो. पण पर्वाच्या अखेरीस समोर तो मुलगाच असतो, त्याने मरावे असे आपल्याला वाटते, आणि आपण उठून उभे राहतो.

येथे आमचा एक तरुण वकील मित्र आक्षेप घेतो, आणि तो आक्षेप भक्कम आहे. तो म्हणतो, मुलाने निरपराध माणसाचा बळी मागितला, विधवेने अपराध्यास शासन केले; दोहोंस एकच म्हणणे म्हणजे खून आणि फाशी यांना एकच म्हणणे होय. आम्ही त्याला विचारले, शासन कोणत्या न्यायालयाने केले? तर तो म्हणाला, त्या बाईसाठी न्यायालय होते कोठे? खरे आहे. रोमन कायद्याने गुलामाची साक्ष सामान्यतः छळ केल्याशिवाय ग्राह्यच धरली नाही. दुसऱ्याचा गुलाम अन्यायाने मारला तर मालकास नुकसानभरपाई मिळे, आणि ज्या कलमाखाली ती मिळे त्यात गुलाम आणि चतुष्पाद पशू शेजारी शेजारी उभे होते. ज्याला कायद्याने वस्तू ठरविले त्याने सूड घेतला तर तो बेकायदा होता म्हणणे, हे दार बाहेरून बंद करून आतल्या माणसास दारातून का आला नाहीस असे विचारण्यासारखे आहे. विधवेच्या हाताविषयी आमची काहीच तक्रार नाही. तिला ती सुरी चालविण्याचे कारण होते. आमचे म्हणणे आमच्या त्या सौम्य गृहस्थांविषयी आहे, ज्यांचे व्हॅरोशी लग्न झालेले नव्हते.

कायद्याचा उल्लेख निघालाच आहे तर टॅसिटसने नोंदविलेली एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती सेनेकाच्या तक्रारीस छेद देणारी आहे. इ. स. ६१ मध्ये रोमचा नगरप्रमुख पेडानियस सेकुंडस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. जुन्या रिवाजाप्रमाणे त्या छपराखालचे सर्व गुलाम देहान्तास पात्र होते. ते होते ४००, त्यांत स्त्रिया आणि मुले होती. सिनेटमध्ये कॅसियस नावाच्या विख्यात विधिज्ञाने रिवाज पाळलाच पाहिजे असे आग्रहाने प्रतिपादन केले आणि ते मान्य झाले. खवळला तो रोमचा सामान्य जनसमूह. तो दगड आणि पेटते पलिते घेऊन रस्त्यावर आला, आणि वधस्थानापर्यंत दुतर्फा सैनिक उभे करून नीरोस ती शिक्षा अंमलात आणावी लागली. म्हणजे जो समुदाय सुटीच्या दिवशी रिंगणाभोवती ओरडत असे त्याचेच काळीज ४०० निरपराधांसाठी तुटले. दगडाचे राहिले ते पुस्तके वाचलेल्या विधिज्ञाचे. पाहिल्याने माणूस निबर होतोच, असा सरळ नियम यावरून काढता येत नाही. तेव्हा ‘अशा मालिका पाहून तरुण पिढी बिघडते’ म्हणणाऱ्या सभ्य गृहस्थांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाही.

मग आमचे म्हणणे तरी काय? भरताच्या नाट्यशास्त्रात युद्ध, राज्यनाश, मरण, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून सुचवाव्यात, असा दंडक आहे. भासाने ‘ऊरुभंगा’त दुर्योधनाचा अंत रंगमंचावर दाखवून तो मोडला, पण तेथेही गदायुद्ध पाहणाऱ्यांच्या तोंडून ऐकावयाचे असते; पाहावयाचा असतो तो मांड्या मोडलेला, मुलाला मांडीवर घेऊ न शकणारा बाप. ही केवळ सोवळेपणाची बाब नव्हे. घावाच्या दर्शनाने जुगुप्सा उत्पन्न व्हावी आणि घायाळाच्या दर्शनाने करुणा, हा तिथला हिशेब आहे. संथ गतीने उमलणारे रक्त यांपैकी काहीच उत्पन्न करीत नाही. ते सुंदर दिसते. आमचा आक्षेप रक्ताला नाही, त्याच्या सौंदर्याला आहे. याच मालिकेत चाबकाखाली सोलून निघणाऱ्या पाठी आहेत, मालकाच्या लहरीखातर विटंबना सोसणाऱ्या दासी आहेत. ते पाहताना चाहतेही मान फिरवितात, आणि तेथे मालिका खरे बोलत असते.

टाळी वाजविण्यासही आमचा सरसकट विरोध नाही. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा भीमाच्या हातून कीचक मरताना नाट्यगृहे दुमदुमून जात, आणि त्या कीचकात कर्झन दिसतो हे ओळखून सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली. तो प्रेक्षक स्वतः विराटाच्या दरबारात उभा होता. सैरंध्री त्याच्या घरची होती. स्पार्टाकसचे नाव ज्यांनी ज्यांनी उचलले त्यांचीही गोष्ट अशीच आहे. हैतीच्या गुलामांचा नेता तूसाँ लूव्हेर्त्यूर याला ‘काळा स्पार्टाकस’ म्हटले गेले. रोझा लक्झेंबुर्गने आणि तिच्या सहकाऱ्यांनी आपल्या संघास तेच नाव दिले. हॉवर्ड फास्टने तुरुंगवास भोगून आल्यावर, प्रकाशक मिळेना म्हणून, आपली कादंबरी १९५१ मध्ये स्वतःच छापली. या सर्वांना त्या नावाचे काही काम होते. आजच्या प्रेक्षकास त्याचे काय काम आहे, हा प्रश्न आम्ही कुत्सितपणे विचारीत नाही. आपल्याही मनगटावर कसले तरी वळ आहेत असे वाटणारे पुष्कळ लोक ती मालिका पाहतात, आणि त्यांचा समज नेहमीच चुकीचा नसतो.

तरीही एक कसोटी आम्हांस सुचते, आणि ती मालिकेनेच पुरविली आहे. स्पार्टाकसचा सहकारी क्रिक्सस इ. स. पू. ७२ मध्ये लढाईत मारला गेला. त्याच्या श्राद्धाप्रीत्यर्थ स्पार्टाकसने ३०० रोमन कैद्यांचा बळी दिला असे ॲपियन लिहितो. पडलेल्या सरदारांच्या चितेभोवती त्याने कैद्यांस ग्लॅडिएटरांप्रमाणे एकमेकांशी लढविले असे फ्लोरस सांगतो. ज्याने रिंगण मोडले त्याने रिंगण भरविले. १९६० च्या चित्रपटात कर्क डग्लसचा स्पार्टाकस याच्या नेमके उलट करतो. सुटलेले गुलाम दोन वृद्ध रोमनांस झुंजवू लागतात तेव्हा तो मध्ये पडून त्यांना थांबवितो. चित्रपटाने नायकाची अब्रू राखली. २०१३ च्या मालिकेने ती राखली नाही. तीत कैदी रोमन रिंगणात उतरविले जातात, बंडखोर भोवती बसून आरोळ्या देतात, आणि ज्यांच्या मरणावर आजवर रोमन ओरडले तेच आता ओरडतात. आम्ही या बाबतीत मालिकेच्या बाजूचे आहोत. इतिहास तिने लपविला नाही, आणि प्रेक्षकाच्या वतीने लाजण्याचे कामही स्वतःकडे घेतले नाही. बहुतेक चाहते येथे बेभान होतात. काहींच्या घशात मात्र काहीतरी अडकते; अशांपैकी एका विद्यार्थिनीने आम्हांस सांगितले की, आरोळ्या ऐकताना तिला एकाएकी कापुआचे पहिले भाग आठवले आणि तिने आवाज बंद करून तो प्रसंग पाहिला. मान फिरविली नाही, आवाज तेवढा बंद केला. अलिपियसने नेमके याच्या उलट केले होते, डोळे मिटून कान उघडे ठेवले होते, आणि त्याचा घात कानांनीच केला.

बंडाचा शेवट सर्वश्रुत आहे. इ. स. पू. ७१ मध्ये क्रॅससने ते मोडले. स्पार्टाकसचे प्रेत सापडले नाही. पकडलेल्या ६००० जणांना कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेने क्रूसांवर टांगण्यात आले, आणि त्या रस्त्याने बाजारास जाणाऱ्या, लग्नास जाणाऱ्या, पत्र घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला ते पाहावे लागले. तेथे बसावयास कठडा नव्हता, आणि अंगठ्याचा उपयोगही उरला नव्हता.

मालिकेचा शेवट मात्र २०१३ मध्येच झाला नाही. २०२५ मध्ये त्याच निर्मात्यांनी ती पुन्हा सुरू केली. या वेळी कल्पना अशी की, मूळ कथेत मेलेला आशूर हा दगलबाज गुलाम मेलाच नाही. स्पार्टाकसला मारण्यास त्याने रोमनांस साह्य केले आणि त्याबद्दल बाटियाटसचा आखाडा त्याला बक्षीस मिळाला. बंड झालेले आहे आणि चिरडलेही गेले आहे. आखाड्याची दारे पुन्हा उघडली आहेत, वाळू नवी टाकली आहे, आणि पहिला गुलाम मालकाच्या जागी बसून नवी माणसे विकत घेतो आहे. जुन्या चाहत्यांपैकी कोण स्पार्टाकससाठी येत होते आणि कोण वाळूसाठी, हे आता ज्याचे त्याला घरबसल्या कळेल.